कोचीच्या धक्क्यावरचं पाणी

शिवदास तांडेल हा कसा माणूस, असं डिचोली तालुक्यात कुणालाही विचारा. मांडवीतला कुठला वाळूचा पट्टा कुठल्या महिन्यात कुठे सरकतो ते त्याला ठाऊक, अडतीस वर्षांत त्याची बार्ज एकदाही रुतली नाही, आणि त्याने सांगितलेली भरतीची वेळ कधी चुकली नाही, असं सांगतील. यातलं एक अक्षर खोटं नाही. मीही हेच सांगत फिरत असे. तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आणि धारगळच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तराला मिरवायला दुसरं होतं तरी काय? समोर मी त्याला भावजी म्हणतो, अहो-जाहो करतो. इथे लिहिताना तो मान माझ्या हातून उमटत नाही, त्याला माझा इलाज नाही.

त्याचा जन्म सारमानसचा, अगदी नदीकाठचा. गोवा मुक्त झाला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्या दिवसाची आठवण म्हणून तो एवढंच सांगतो की फेरीबोट बंद होती. सोळाव्या वर्षी बार्जवर खलाशी म्हणून चढला आणि तिशीत तांडेल, म्हणजे बार्जचा कप्तान, झाला. खाणीतली लाल माती सारमानसच्या जेटीवर भरायची, मांडवीतून पणजीवरून बाहेर काढायची आणि मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या परदेशी जहाजाला नेऊन लावायची, हे त्याचं काम. जहाज सात-आठ मजली उंच आणि बार्ज त्याच्या पायाशी. वरचे खलाशी कठड्याला टेकून खाली बघत उभे राहायचे, सिगारेटची थोटकं खाली टाकायचे. जहाजाच्या शिडीवर पाय ठेवायची बार्जवाल्यांना परवानगी नव्हती. "मास्तर, एकदा तरी थंयसून खाली बघूचा असा," तो मला म्हणायचा. एवढी एकच इच्छा मी त्याच्या तोंडून ऐकली.

घरात त्याचा कायदा एकच होता, आणि तो म्हणजे पाणी. "पाणी इला", म्हणजे भरती आली, असं तो म्हणाला की बायने, म्हणजे माझ्या बहिणीने, कमलाक्षीने, हातातलं काम टाकून डबा त्याच्या हातात द्यायचा. का, कुठे, कधी परतणार, असं विचारायचं नाही. भरलेली बार्ज भरतीवर निघाली नाही तर रुतते, आणि रुतली तर बारा तास तिथेच, म्हणून सगळेच सांभाळून घेत. आमच्या वडिलांच्या बाराव्याच्या पंगतीतून तो अर्ध्या जेवणावर "पाणी इला" म्हणून उठला तेव्हाही कुणी तोंडातून ब्र काढला नाही. उलट आईने पानावरचे दोन वडे पुडीत बांधून दिले.

भरतीचं गणित त्यानेच मला शिकवलं होतं. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पावणेचारला भरती, अष्टमी असेल तर सहाला. गावाप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण फार नाही. मी ते चौथीच्या मुलांना पाऊणकीचं उदाहरण म्हणून वर्षानुवर्षं घातलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या हकिकतीत माझी लाज कुठे आहे ते वाचणाऱ्याला कळायला हवं.

त्याला दोन मुलं. नारायण मस्कतला असतो. जानकी नर्स झाली, आणि ज्या वर्षी खाणी बंद पडल्या त्याच वर्षी तिने हॉस्पिटलातल्याच जोबी नावाच्या मुलाशी लग्न केलं. जोबी केरळचा, ख्रिश्चन. शिवदास ओरडला नाही, रडला नाही, जेवला सुद्धा. दुसऱ्या दिवशी डिचोलीला जाऊन त्याने रेशनकार्डावरचं जानकीचं नाव कमी करून आणलं आणि कार्ड देवाच्या फळीवर ठेवलं. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव कुणी घेतलेलं नाही. कुणी मुलांबद्दल विचारलं तर तो म्हणतो, "माका एक झील असा, मस्कताक." बाय शेजारी उभी असली तरी असंच म्हणतो.

बाय मुलीशी बोलायची ती माझ्या घरातून. महिन्यातून एकदा "सगुणाची तब्येत बघून येतंय" म्हणून, म्हणजे माझी, धारगळला यायची, माझ्या फोनवरून पाल्याला फोन लावायची आणि मागच्या दारी पायरीवर बसून बोलायची. पाला हे जोबीचं गाव. जानकीला मुलगी झाली, तिचं नाव अन्ना, ती आता आठ वर्षांची आहे. आजीने नातीला फोनच्या काचेवर पाहिली होती, हात लावलेला नव्हता. माझी तब्येत इतकी वर्षं उत्तम आहे.

तर गेल्या वर्षी नारायणने बापाची इच्छा पुरी करायचं ठरवलं आणि क्रूझची तिकिटं काढली. मुरगावहून निघायचं, कोची, मग लक्षद्वीपचं एक बेट, आणि परत मुरगाव. तिकिटं तीन, कारण इंग्रजी अर्ज वाचायला आणि भरायला मी पाहिजे होतो. मी तारखांचा कागद वाचून दाखवला, "कोची, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा," आणि बायने तोंडाशी नेलेली चहाची बशी तशीच खाली ठेवली. ते शिवदासने बघितलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

चार दिवसांनी ती धारगळला आली. फोन लावायच्या आधीच म्हणाली, "सगुण, माका एक तास व्हयो. एकच तास. चेडवाक पोटाशी धरतंय, नातीक बघतंय, मगे मेलंय तरी चलात. तुका कसा जमवचा तां जमव. त्येंका सांगू नको."

मी म्हटलं, "बाय, सरळ विचार त्येंका. अकरा वर्सां झाली."

"अकरा वर्सां इचारूक धीर झालो नाय, तो आता खयसून येतलो?" ती म्हणाली. मग तिने पिशवीतून खणाचं परकर-पोलकं काढून दाखवलं. फोटोवरून अंदाजाने शिवलेलं होतं. कमरेला चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं, मोठं झालं तर उसवता यावं म्हणून. सोबत सोलं, म्हणजे आमसुलं, होती आणि जानकीला आवडते ती पेराद, पेरूची वडी.

जहाजावर चढताना शिवदास शिडीच्या पहिल्या पायरीवर क्षणभर थांबला. मला वाटलं नमस्कार करील. त्याने फक्त खाली, धक्का आणि जहाज यांच्यामधल्या पाण्याकडे पाहिलं आणि वर गेला. आम्हा तिघांना खोलीची कार्डं मिळाली. जहाजावरून उतरताना आणि चढताना ते कार्ड दाखवावं लागतं. त्याने तिन्ही कार्डं माझ्या हातातून घेऊन आपल्या शर्टाच्या खिशात ठेवली. बार्जवर सगळी कागदपत्रं तांडेलाकडे असतात, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसरा दिवस सगळा समुद्रात होता. त्याच दिवशी बंदरातल्या सहलींची नावं नोंदवायची होती. तिसऱ्या मजल्यावर एका टेबलामागे एक मुलगी बसली होती आणि समोर रंगीत यादी. यादी वाचून मला हसू आलं. प्रत्येक सहलीपुढे चालणाऱ्या माणसाचं चित्र; एक माणूस म्हणजे सोपी, तीन माणसं म्हणजे पाय दुखणार. कोचीसाठी तीन पर्याय होते. पहिली सहल अख्ख्या दिवसाची, हाऊसबोटीत बसून खाडीतून फिरायचं, जेवण बोटीवर, परत यायला साडेचार. दुसरी अर्ध्या दिवसाची, बसमधून जुनं शहर, चिनी जाळी, राजवाडा आणि मसाल्याचा बाजार, एक वाजता परत. तिसरा पर्याय म्हणजे आपलं आपण फिरा.

मी अर्थातच तिसऱ्यावर बोट ठेवलं. मुलगी म्हणाली, आमच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपल्या आपण गेलेल्यांसाठी थांबत नाही. मी हे शिवदासला सांगितलं. त्याने मान हलवली.

"मगे जहाजाचीच सहल घेवची. अख्ख्या दिसाची घी. इतक्या लांब इलंव तर समदा बघूया."

बाय माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या सदऱ्याची कड मुठीत धरली. साडेचारपर्यंत खाडीत म्हणजे तिचा तास गेला.

मग मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, "भावजी, ह्यां बघा. होडीत बसूचा, नदीतसून जावचा, दोनी बाजूंक माड. अडतीस वर्सां तुमी दुसरा काय केलात? आता त्याच कामाक गिऱ्हाईक म्हणान जातल्यात? लोक हसतले."

त्याने यादीवरचं हाऊसबोटीचं चित्र बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग, आणि हे मला नंतर आठवलं, माझ्या मागे बायच्या मुठीकडे बघितलं.

"मास्तर, तू म्हणतस तां खरा," तो म्हणाला. "अर्ध्या दिसाची घी. हिचे गुडघे पण दुखतत."

मी अर्ज भरला. त्या दिवशी मी जहाजभर फुशारून फिरत होतो. माणसाला चिमटा कुठे काढायचा ते आपल्याला कळतं, असं मला वाटत होतं. संध्याकाळी बायने जहाजाच्या वायफायवरून जानकीला फोन करायला लावला. मी सांगितलं, दोन वाजता कोचीच्या धक्क्याच्या फाटकापाशी ये. जानकी म्हणाली, रात्रपाळी सकाळी आठला संपते, अन्नाला घेऊन तशीच बस पकडते.

सकाळी न्याहारीला जहाजावर शंभर पदार्थ मांडलेले होते. बायने एक केळं आणि दूध घेतलं. "आज एकादशी," ती म्हणाली. शिवदास समोर अंडी खात होता. त्याने ऐकलं, मीही ऐकलं.

सहलीचं मला फारसं काही आठवत नाही. चिनी जाळी बघून शिवदास म्हणाला, ही जाळी ओढायला सहा माणसं लागतात आणि मासे दोन मिळतात. राजवाड्यात बाय एका कोपऱ्यात बसून राहिली. मसाल्याच्या बाजारात तिने वेलची हुंगली आणि परत ठेवली. दर दहा मिनिटांनी ती मला किती वाजले ते विचारायची. एक वाजून दहा मिनिटांनी बसने आम्हाला धक्क्यावर आणून सोडलं. शिवदास जेवायला जहाजावर गेला. जाताना आमची दोघांची कार्डं त्याच्याच खिशात आहेत हे त्याने स्वतःच सांगितलं, आणि म्हणाला, "तुमी बसा वाऱ्यार. मी येतंय तुमका व्हरूक."

आम्ही फाटकाच्या आतल्या बाजूला बाकावर बसलो. दीड वाजता जानकीचा फोन आला. वाटेत पूल दुरुस्तीला काढलेला, बस अडकली आहे, साडेतीन होतील. मी म्हटलं, काही हरकत नाही, पाचपर्यंत वेळ आहे. शिडीपाशी पाटीच लावलेली होती, सर्व प्रवाशांनी पाचच्या आत वर यावं. बाय म्हणाली, "येवंदे सावकाश. आमी खय पळतंव?" तिने पिशवीतून परकर काढून मांडीवर ठेवला आणि हाताने सुरकुत्या मोडत बसली. तिला इतकी निवांत मी लहानपणानंतर पाहिली नव्हती.

दोन वाजून गेले असतील. शिवदास शिडीवरून तरातरा उतरत आला. सत्तरी गाठत आलेला माणूस, पण नदीवर चालायचा तसा चालत होता.

"पाणी इला," तो म्हणाला. "तिनाक जहाज सुटतला. चला वर."

बाय उठली. मी हे शंभर वेळा डोळ्यांसमोर आणलं आहे. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, फाटकाकडे पाहिलं नाही, मला काही विचारलं नाही. परकराची घडी केली, पिशवीत घातली आणि उठली. चाळीस वर्षांचा हातपायांचा सराव होता तो.

मी म्हटलं, "भावजी, पाटयेर पाच लिवला हा."

"पाटी पर्वाशांक. कप्तान पाण्याक बघता. भरती चुकली तर हां धूड ह्या खाडीतसून भायर काडतलो कोण, तू?"

 पाण्याच्या बाबतीत शिवदासला कुणी उलट विचारत नाही. आमच्या दोन्ही घरांत तशी पद्धतच नाही. मी खाली पाहिलं तेव्हा धक्क्याच्या खांबांना चिकटलेली कालवं उघडी पडली होती, आणि खांबांवर हातभर काळा ओला पट्टा दिसत होता. नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही कळतं की पाणी असं खाली गेलं की ती सुकती, ओहोटीचा तळ. मी ते डोळ्यांनी बघितलं आणि शिवदासच्या मागून शिडी चढलो. तोच म्हणाला होता ना, पाणी इला.

वर खोलीत येऊन बाय पलंगावर बसली. आमच्या खोलीची खिडकी खाडीकडे होती, धक्का दिसत नव्हता. "कार्डां माज्याकडे आसत, खय हरवशात," असं म्हणून शिवदास चहा प्यायला निघून गेला. मी जानकीला फोन केला. म्हटलं, पोरी, जहाज तीनला सुटतंय. तिने बसच्या ड्रायव्हरला अजून किती वेळ ते विचारलं. मग म्हणाली, "मामा, मी येते. लांबून तरी बघेन."

तीन वाजले. जहाज हललं नाही. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. वरच्या मजल्यावर गाणी लागली होती आणि लोक पोहण्याच्या तलावात उड्या मारत होते. सुटणाऱ्या जहाजाची काही गडबड नव्हती. तीन चाळीसला फोन वाजला. जानकी फाटकाशी पोहोचली होती. "मामा, जहाज इथेच उभं आहे. शिडी पण लागलेली आहे. लोक चढ-उतर करतायत."

बाय पिशवी घेऊन दाराशी गेलीसुद्धा. मी म्हटलं, "कार्डां." आणि आम्ही दोघं शिवदासला शोधायला निघालो.

अकरा मजल्यांचं जहाज. जेवणघरात बघितलं, चहाच्या टेबलांपाशी बघितलं, पत्ते खेळायच्या खोलीत बघितलं. फोन त्याने खोलीतच ठेवला होता. बायचे गुडघे खरोखरच दुखत होते. चौथ्या मजल्यावर ती जिन्यात बसली आणि म्हणाली, "तू जा, मी हंयच बसतंय." मी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीकडे गेलो, नवी कार्डं करून मागितली. तिची चूक काही नाही. हाऊसबोटीची सहल तेवढ्यात परतली होती आणि तिच्यापुढे चाळीस माणसं उभी होती. माझा नंबर येऊन दोन कार्डं हातात पडली तेव्हा पाच वाजून गेले होते. शिडीपाशी पोहोचलो तर दोरी लावलेली. तिथला माणूस नम्रपणे म्हणाला, आता उतरता येणार नाही.

बायला घेऊन मी सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलो. म्हटलं, निदान वरून बघू.

शिवदास तिथे होता. धक्क्याच्या बाजूच्या कठड्याला दोन्ही कोपर टेकून खाली बघत होता. शेजारच्या स्टुलावर चहाचे चार रिकामे कागदी पेले, एकात एक घातलेले. चार चहा म्हणजे तो तिथे बराच वेळ होता. खाली कुंपणापलीकडे, रस्त्याच्या कडेला, पर्जन्यवृक्षाच्या सावलीत एक बाई उभी होती आणि तिच्या हाताला धरून एक मुलगी.

त्याने आमच्याकडे वळून पाहिलं. खिशातून तिन्ही कार्डं काढली आणि माझ्यासमोर धरली. "हीच सोधतास?"

मी म्हटलं, "भावजी, तिनाक सुटतला म्हटलात."

"पाण्याचो अंदाज," तो म्हणाला. "कधी कधी चुकता."

हे वाक्य त्याच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

बाय कठड्याशी गेली. मी जानकीला फोन लावून बायच्या कानाशी धरला. जानकीचा आवाज मला ऐकू येत होता. "आई, ती हिरवी साडी तूच ना? मामा शेजारी आहेत ती?" बायने हात वर केला. खाली त्या बाईने मुलीला उचलून घेतलं. आठ वर्षांची घोडी, पण उचलून खांद्यावर घेतलं. बायने पिशवीतून परकर काढला आणि दोन्ही हातांनी कठड्याबाहेर पसरून धरला, नातीला दिसावा म्हणून.  वाऱ्याने कापड उडून जाईल म्हणून मी खालून कड धरली. तेवढंच मी केलं.

शिवदास बाजूला झाला नाही. तोही बघत होता. मी मागाहून पुष्कळ विचार केला की तो तिथे एवढा वेळ का उभा होता. त्यालाही मुलीला बघायचं असणार, दुसरं काय? गावात एक-दोघांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा शिवदासविषयीचा राग निवला. म्हणाले, शेवटी बापच तो. माझा निवला नाही. त्याला मुलगी बघायची होती तर त्याने ती पोटभर बघितली, आणि त्यासाठी बायकोला चौथ्या मजल्यावरच्या जिन्यात बसवून ठेवलं. याला मी माया म्हणणार नाही.

सहाला जहाजाने भोंगा दिला आणि दोर सोडले. बाईचं आणि मुलीचं चित्र लहान होत गेलं. बायने परकराची घडी केली. मग, शिवदासकडे न बघता, मला विचारलं, "सगुण, अकराची पाऊणपट किती?"

वर्गात मी मुलांना विचारतो तसंच तिने विचारलं. मला उत्तर द्यावं लागलं. "सव्वाआठ."

"आज एकादशी," ती म्हणाली. "पाणी सव्वाआठाक. दोनाक सुकती होती." ती आता त्याच्याकडे वळली. "मी कदी हिशेब केलंय नाय. तुमी असात म्हणान केलंय नाय. चाळीस वर्सां तुमी पाणी म्हटलात आणि मी उठलंय. ह्या एका गोष्टीत तुमी माका कदी फसवलात नाय, म्हणान उठलंय."

 शिवदासने पेले उचलले आणि डब्यात टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी बेटाची सहल होती. जहाज दूर उभं राहिलं आणि लहान होड्या आम्हाला न्यायला आल्या. शिवदासने कपडे केले, तिला म्हणाला, "चल, पाणी बरा असा." ती पलंगावर बसून परकराच्या कमरेचा दोरा उसवत होती. बहुतेक अन्ना तिच्या अंदाजापेक्षा मोठी निघाली होती. तिने मान वर केली नाही. तो एकटाच होडीत बसून गेला, आणि अर्ध्या तासात परत आला.

शेवटच्या दिवशी सकाळी मुरगाव आलं. आम्ही सामान बांधून खाली रांगेत खुर्च्यांवर बसलो होतो. काचेतून धक्का दिसत होता, खाणीची माती वाहून नेणारे जुने पट्टे दिसत होते, आणि बाहेर नांगरून पडलेल्या दोन गंजक्या बार्जी. अडतीस वर्षं जिथे बार्ज लावली ते बंदर. शिवदास उठला, दोन्ही बॅगा हातात घेतल्या आणि म्हणाला, "चल, मुरगांव इला."

बाय हलली नाही. तो तिच्यासमोर उभा असताना तिने माझ्याकडे वळून विचारलं, "सगुण, ह्यां मुरगांवच मां?"

मी हो म्हटलं, तेव्हा ती उठली.